घरी जाऊन सांगायचं वाक्य

आप्पा, तुमच्या दशक्रियेला माइकवर सात जण बोलले. तुम्ही आयुष्यभर काय केलंत ते सातातल्या एकालाही माहीत नव्हतं. एकाने तुम्हाला अमेरिकेला पाठवलं, दुसऱ्याने लंडनला. तिसरा म्हणाला, साहेबांनी तालुक्याचा झेंडा सातासमुद्रापार फडकवला. तालुक्याचा झेंडा कसला असतो, आप्पा? घोडनदीच्या घाटावर माणसं उन्हात बसलेली, पाणी घोट्याएवढं, आणि मागे फ्लेक्सवर तुम्ही टाय लावून. तो टाय मी तुमच्या गळ्यात कधी पाहिला नाही. फ्लेक्सवर तुमच्या फोटोपेक्षा दुखवट्यात सामील झालेल्या पुढाऱ्यांचे फोटो मोठे होते. जिवंत असतात तर तुम्ही तेवढ्यावरून त्यांच्याशी बोलणं सुरू केलं असतंत आणि काहीतरी पदरात पाडून घेतलं असतंत. मी फ्लेक्स फाडला असता.

मग पिंड ठेवले. भटजींनी हात मागे घेतला न घेतला तोच कावळा शिवला. बायकांत कुजबुज झाली, "बघ, सायबाचं काय मागं ऱ्हायलं न्हाई. मोकळा झाला."

मी तिथेच ओरडणार होते. काय राहिलं नाही? सगळं राहिलंय! ठराव राहिलाय, आमची वाडी डोंगराखाली राहिलीय, आणि मला तुम्हाला जे सांगायचं होतं ते राहिलंय. माझा पिंडावर विश्वास नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी त्या कावळ्याचा मला राग आला. फाईल न वाचता निकाली काढणाऱ्या कारकुनाचा येतो तसा.

तुम्ही पहिल्यांदा आमच्या वाडीवर चढून आलात तो दिवस मला आठवतो. सत्तरी ओलांडलेला माणूस, हातात काठी, अंगात साधा पांढरा सदरा. आम्हाला वाटलं मतदार यादीवाले आले. आईने तुम्हाला घरामागे नेलं आणि डोंगरातली भेग दाखवली. आम्ही भेगेच्या दोन्ही बाजूंना चुन्याच्या रेघा मारलेल्या. आई बोटं आडवी ठेवून मोजायची. आधी चार बोटं होती, मग वीतभर झाली. आमच्या तालुक्याला डोंगर खाली आल्यावर काय होतं ते कुणी शिकवावं लागत नाही. तुम्ही गुडघ्यावर बसलात, स्वतःचा हात भेगेत घातलात, आणि आईला विचारलंत, "बाई, तुम्ही रात्री झोपता का?"

आमच्या वाडीवर साहेब लोक आले की किती घरं, किती माणसं, किती जनावरं ते विचारतात. हे कुणी विचारलं नव्हतं. आई म्हणाली, "झोपतो की. पाऊस नसंल तवा."

त्या दिवसापासून तुम्ही आमचे झालात असं वाडी म्हणते. मी म्हणत नव्हते.

कारण पुढच्याच आठवड्यात मी पत्रकाचा मजकूर घेऊन तुमच्या पडवीत आले, आणि तुम्ही पेन्सिल काढलीत. एकोणीस घरांना खाली तुमच्या गावच्या गायरानात जागा हवी होती. बाकी सगळ्या कचेऱ्यांनी माना डोलावल्या होत्या. अडलं होतं ते ग्रामसभेच्या ठरावावर. आणि ठराव अडला होता बबननानांवर, कारण गायरानाच्या मधोमध त्यांची कांदा साठवायची बराक उभी आहे आणि सरपंच त्यांची सून आहे. हे सगळ्या गावाला माहीत. मी फक्त लिहिलं होतं. तुम्ही मजकूर वाचलात, नानांच्या नावावर बारीक रेघ मारलीत आणि कागद परत दिलात.

"नाना तुमचे कोण लागतात?" मी विचारलं.

"चुलतभाऊ."

"म्हणून नाव खोडलंत?"

"वैरी असता तरी खोडलं असतं. नाव छापलं की माणसाला मागं फिरायला वाट राहत नाही."

"त्याने मागं फिरावं असं कुणाला हवंय? त्याला हाकलायचंय!"

तुम्ही हसलात. "मग तुला जागा नकोय. तुला नाना हवाय."

त्या वाक्याचा मला इतका संताप आला होता, आप्पा, की चहा तसाच ठेवून मी उठले. काकू मागून म्हणाल्या, "अगं पोरी, साखर तरी ढवळ, मग भांड." मी नाही थांबले. दोन दिवसांनी पुन्हा आले ते मात्र खरं. का आले ते अजून नीट सांगता येत नाही. तुमच्याएवढा वेळ आम्हाला कुणी दिला नव्हता, एवढंच असेल.

तुमची नोकरी मला तुकड्यातुकड्यांत कळली. मी विचारायचे ती चिडवायला. "राजदूत होतात ना तुम्ही? मग गाडी, झेंडा, मेजवान्या?" तुम्ही म्हणायचात, "राजदूत कधीच नव्हतो. राजदूताच्या हाताखालचा. मग सरकारने मदतकार्याला उसना दिला, तिथंच राहिलो. नाक्यावर बसणारा माणूस मी." लढाई चाललेल्या मुलखात, आळेफाट्याला ट्रक लागतात तशी पीठ आणि औषधांच्या ट्रकांची रांग, पुढे आडवा बांबू, बांबूमागे बंदूकवाले. पलीकडे उपाशी गाव. आणि मध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर तुम्ही, त्या नाक्याच्या म्होरक्यासोबत चहा पीत. एकदा तीन दिवस बसलात म्हणे. पहिला दिवस त्याच्या आजारी म्हशीवर बोललात.

"आणि त्याने लुटलेल्या माणसांचं काय?" मी म्हटलं. "त्याचं नाव तुम्ही कुठं लिहिलंत?"

"कुठंच नाही."

"का?"

"पीठ पोचलं."

याच्यावर आपण किती भांडलो! तुमचं म्हणणं ठरलेलं. समोरचा माणूस चांगला की वाईट हा प्रश्नच नाही. प्रश्न एवढाच, की संध्याकाळी तो घरी जाईल, बायको विचारेल, काय झालं आज? तेव्हा त्याला सांगता येईल असं एक वाक्य त्याच्याजवळ हवं. तसं वाक्य नसेल तर तो कशालाच हो म्हणणार नाही, कारण त्याला जेवायला घरीच जायचं असतं. "ते वाक्य त्याला सुचत नाही," तुम्ही म्हणायचात. "ते आपण तयार करून द्यायचं. माझी सगळी नोकरी म्हणजे दुसऱ्यांची घरी सांगायची वाक्यं लिहिणं." त्यासाठी तुमच्याकडे एक निळी वही होती. वर माणसाचं नाव, खाली एक ओळ. दोन ओळी झाल्या तर तुम्ही खोडायचात. म्हणायचात, लांब वाक्य उंबऱ्यापर्यंत टिकत नाही.

मला ते लाचार वाटायचं. गुन्हेगाराला वाक्य लिहून द्यायचं? मग बळी गेलेल्याला कोण देणार? असं मी म्हटलं की तुम्ही चष्मा काढून पुसायला लागायचात. उत्तर नसलं की तुम्ही चष्मा पुसायचात, हे मला उशिरा कळलं.

एकदाच तुम्ही दुसरी गोष्ट सांगितलीत. नाव न घेता, एका देशातली. शाळेच्या इमारतीत माणसं आश्रयाला होती. शाळेला हात लावणार नाही असा तिथल्या सेनाधिकाऱ्याने तुम्हाला शब्द दिला होता. त्याचंही वाक्य तुम्ही लिहून दिलं होतं. मग तोफा टेकडीवर चढताना तुमच्या ड्रायव्हरने पाहिल्या. त्याच दिवशी वार्ताहरांना बोलावून तुम्ही सांगू शकला असतात. पण बोललो तर बोलणी मोडतील, म्हणून एक दिवस थांबलात. दुसऱ्या दिवशी शाळा नव्हती.

"बोलायला हवं होतं की नको होतं," तुम्ही म्हणालात, "ते मला अजून ठरवता आलेलं नाही."

काकू आत शेंगा फोडत होत्या. त्यांचा हात थांबला होता. ही गोष्ट त्याही पहिल्यांदाच ऐकत होत्या, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

आता मी जे केलं ते लिहिते. पत्रकात मी दुसऱ्यांची पापं लिहीत आले. हे माझं.

महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत आपला विषय आठव्या क्रमांकावर होता. चार दिवस आधी तुम्ही मला म्हणालात, "या आठवड्यात काही छापू नकोस. नानाकडं पाहुणे आहेत. मी बोलतोय त्याच्याशी."

मी विचारलं, "पाहुण्यांचा आणि डोंगराचा काय संबंध?"

"आहे. नंतर सांगतो."

नंतर! आयुष्यभर सगळे साहेब हेच सांगत आले. मी म्हटलं, "तुमचं हे नंतर म्हणजे त्या शाळेसारखं. तुम्ही तिथं गप्प बसलात म्हणून ती माणसं मेली. आमच्या बाबतीत मी तुम्हाला गप्प बसू देणार नाही."

तुम्ही चष्मा काढला नाहीत.  मग म्हणालात, "ऊन झालंय, पाणी पिऊन जा."

मी पाणीसुद्धा न पिता गेले. मंचरला पत्रकं छापली. मथळा होता, "गायरान गिळणारे हे बबननाना कोण?" खाली बराकीचा फोटो. ग्रामसभेच्या आदल्या सकाळी घरोघर टाकली, आणि एक खळ लावून बराकीच्या दारावरच चिकटवलं. फार धाडसी वाटत होतं मला.

नानांचे पाहुणे म्हणजे नवे व्याही होते. नानांच्या मुलीचा साखरपुडा झाला होता, तिच्याकडचं घरदार, कांदा-बटाटा बघायला ती माणसं आली होती. नाना त्यांना बराक दाखवायला घेऊन गेले. व्याह्यांनी दारावरचं पत्रक शेवटपर्यंत वाचलं, म्हणतात.  गावाने चोर म्हटलं असतं तर नानांनी दोन शिव्या घालून पचवलं असतं. व्याह्यांसमोर दारावर लागलेलं पत्रक या मुलखात कुणी पचवत नाही. हे मला कळायला हवं होतं. मी काय परदेशातून आले होते?

दुसऱ्या दिवशी सभेत आठवा विषय वाचायच्या आतच निम्मी चावडी उठून उभी राहिली. "आदी त्या पोरीला माफी मागाया लावा!" "कुणाला चोर म्हंती ग तू?" "आमी काय परक्याचं खातो व्हय?" मीही ओरडले. ओरडणं मला येतं. विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला. पुढची सभा स्वातंत्र्यदिनाची, म्हणजे भर पावसाळ्यात. त्याआधी विशेष सभा बोलवायची तर ती सरपंचांनी, म्हणजे नानांच्या सुनेने.

तुम्ही मागच्या बाकावर होतात. सगळे गेल्यावर माझ्याजवळ आलात. मी वाटच बघत होते, आता बोलतील. "सांगितलं होतं" हे दोन शब्द तुमचा हक्क होता. तुम्ही म्हणालात, "आवाज बसलाय तुझा. मिठाच्या गुळण्या कर."

त्यानंतर नवव्या दिवशी तुम्ही गेलात. सकाळी पेपर वाचता वाचता, खुर्चीतच. त्या नऊ दिवसांत मी एकदाही तुमच्याकडे आले नाही. आधी राग होता म्हणून, नंतर लाज होती म्हणून. चुकले हा शब्द मला तोंडाने काढता येत नव्हता. छापायला सांगितला असतात तर छापला असता.

दशक्रियेनंतर काकूंनी मला घरी बोलावलं. पडवीत तुमची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. काकू म्हणाल्या, "तुझ्याशी हे लई बोलायचं. मला हेवा वाटायचा तुझा."

"तुमच्याशी नाही बोलायचे?"

"बाजारभाव बोलायचं. भाजीत मीठ कमी हाय ते बोलायचं. कुठनं कुठनं यायचं, बॅग ठिवायची, मी इचारायची काय झालं? तर म्हणायचं, पाणी दे. चाळीस वर्सं पाणीच दिलं मी. त्या शाळेचं मी तुझ्यासंगट ऐकलं, बाई."

दुसऱ्यांना घरी जाऊन सांगायचं वाक्य लिहून देणारा माणूस स्वतः घरी येऊन काहीच सांगत नव्हता. आप्पा, हे मला आधी कळलं असतं तर त्या शाळेचा दगड करून मी तुमच्यावर भिरकावला नसता. मी तो नेमका तिथे मारला जिथे तुम्ही कुणाला हात लावू दिला नव्हता. आणि तुम्ही मला पाणी प्यायला सांगितलंत.

काकूंनी निळी वही माझ्या हातात दिली. "ह्याच्यात तुझं नाव हाय, म्हून देते."

आपल्या कामाची पानं शेवटी आहेत. तहसील कचेरीतल्या साहेबांच्या नावाखाली लिहिलंय, "कागद माझ्या टेबलावर अडला नाही." सरपंचबाईंच्या नावाखाली, "माझ्या सहीने वाडी वाचली." त्यानंतर नानांचं पान. तिथे खोडाखोड आहे. पाच-सहा ओळी कापल्यात. "बराक हंगामापुरती राहणार." कापलं. "आप्पाने गळ घातली." तेही कापलं. सगळ्यात खाली एक ओळ ठेवलीय, "पोरगी माझ्याकडं मागायला आली, मग माझ्याच्यानं नाही म्हणवेना."

खाली तारीख आहे. माझ्या पत्रकाच्या आठ दिवस आधीची.

म्हणजे वाक्य तयार होतं. ते खरं करणं फक्त माझ्या हातात होतं, आणि तुम्ही मला ते सांगितलं नाहीत, कारण मी काय म्हटलं असतं ते तुम्हाला पाठ होतं. मी म्हटलं असतं, मागायचं कुणाकडे? जागा नानांची आहे का? सरकारी गायरान आहे, अतिक्रमण त्यांचं आहे, आणि हात मी जोडायचे? हे मी आजही म्हणते, आप्पा. तुम्ही गेलात म्हणून तुमचं बरोबर ठरत नाही. ज्याने घेतलंय त्याच्याचकडे आमच्याच हक्काचं मागायला जायचं, ही तुमची रीत मला आजही कडू लागते. आपलं भांडण मिटलेलं नाही. तुम्ही फक्त उत्तर द्यायला नाही आहात.

पुढचं पान माझ्या नावाचं आहे. त्याच्याकडे नंतर येते.

परवा सकाळी मी बराकीवर गेले. पत्रक न घेता मी तिथं गेले ते पहिल्यांदाच. बराकीच्या दारावर खळीचा चौकोनी डाग अजून आहे. आत नाना, नानी आणि दोन बाया कांदा निवडत बसल्या होत्या. सडका वेगळा, मोड आलेला वेगळा, चांगला बराकीत.  कुणी बसही म्हणालं नाही. तुमचे तीन दिवस आठवले. मी खाली बसले आणि कांदा निवडायला लागले. तासभर तरी निवडला असेल.

शेवटी नाना माझ्याकडे न बघता म्हणाले, "नवीन पत्रक काढायचं म्हून आलीस? कांदं मोजाया?"

"नाही."

"मंग? आज कुनाला चोर करायचंय?"

बाया हसल्या. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. खणखणीत उत्तर, तुम्हाला आवडलं नसतं असं. ते गिळलं.

"नाना, जागा मागायला आलेय. तुमच्याकडं."

नानांचा हात थांबला. नानी माझ्याकडे बघायला लागल्या.

"आप्पानं शिकवलं ह्ये?"

"हो."

"त्यो असता तर मी दिली असती," नाना म्हणाले. 

"आप्पा असते तर मी मागायला आले नसते," मी म्हटलं.

हे वाक्य वहीत नव्हतं. कसं निघालं ठाऊक नाही. नानांनी हातातला कांदा उलटासुलटा करून बघितला आणि सडक्यात टाकला. चांगला होता तो. मग नानींना म्हणाले, "हिला च्या ठिव." आणि बराकीबाहेर निघून गेले. मी चहा प्यायले, साखर ढवळून. नाना परत आले नाहीत. संध्याकाळी त्यांनी घरी काय सांगितलं, सुनेला काही बोलले की नाही, मला माहीत नाही. आज तिसरा दिवस. विशेष सभेची नोटीस अजून फळ्यावर लागलेली नाही. भीमाशंकरच्या बाजूला ढग जमायला लागलेत.

त्या दिवशी मी वाडीवर पोचले तर आई घरामागे भेगेजवळ बसली होती. चुन्याच्या रेघेवर हात आडवा धरलेला. तिने वर बघून विचारलं, "काय झालं गं?"

मी तिला काय सांगणार होते? की तुझ्या लेकीने ज्याच्याविरुद्ध पत्रक काढलं त्याच्याकडे पदर पसरला? आणि तरी काही झालं की नाही ते ठाऊक नाही? की तू आणखी किती रात्री जागायच्या ते माझ्या तोंडाने ठरलंय?

वहीत माझ्या नावाचं पान आहे, आप्पा. वर नाव तुमच्या सरळ अक्षरात, खाली रेघ ओढलेली. रेघेखाली काही नाही. खोडलेलंसुद्धा नाही.

आई विचारत होती, काय झालं.

मी म्हटलं, पाणी दे.